शेपटीची जागा

साकाई. दुसरा महिना, तेरा

आज तो माझ्या जागेवर बसला!

उत्तरेच्या खिडकीखालची जागा. तिथे दिवसभर उजेड सारखा असतो, हातावर सावली पडत नाही. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून मी तिथे बसून बंदुकीच्या नळ्यांवर पितळ आणि चांदी ठोकतेय. चटईवर माझ्या गुडघ्यांचे खळगे पडलेत. त्याच खळग्यांत यागोरोनं आज आपले गुडघे ठेवले आणि म्हणाला, "वा! बैठक छान मुरलीय." छान मुरलीय म्हणे!

लग्नाला महिनासुद्धा झाला नाही. बाबांना मुलगा नाही, म्हणून घराला जावई दत्तक आणला. क्योतोचा. तलवारीच्या मुठीला जी लोखंडी चकती असते, तिच्यावर नक्षी करणारा. आता हिराकिया हे दुकानाचं नाव त्याचं, गिऱ्हाइकं त्याची, खिडकी त्याची. मीसुद्धा त्याचीच. माझ्या वाट्याला आली कोळशाची शेगडी. पितळेचे पत्रे तापवून मऊ करायचे आणि त्याच्या हातात द्यायचे.

बाबा समोरच होते.  उजव्या हातावर डावा हात दाबून बसले होते.

दुसरा महिना, चौदा

आजही तिथेच बसला.

दुसरा महिना, एकोणीस

आज जेवताना एक गोष्ट झाली. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दुकानात समोरच्या भिंतीवर नमुन्याची एक बंदूक आहे. तोड्याची, लांब नळीची. नळीवर चांदीच्या लाटा आणि त्यांवर उडणारे पितळेचे छोटे पक्षी. यागोरो सार्डिन मासा चावता चावता बाबांना म्हणाला, "खरं सांगू का बाबा, मी ही बंदूक पाहिली म्हणून इथे यायला तयार झालो. आई नको म्हणत होती. म्हणाली, तलवारीचं काम सोडून बंदुकीकडे काय जातोस. पण ह्या लाटा! तुमचा हात असा चालतो हे पाहिलं आणि ठरवलं, शिकायचं तर इथेच."

बाबांनी चहाचा पेला तोंडाला लावला. बराच वेळ तो खाली आला नाही.

त्या लाटा माझ्या आहेत! दोन हिवाळे गेले त्यात. हे बाबांना माहीत, ओतारा आत्याला माहीत, मला माहीत. पेठेला वाटतं बाबांचंच काम. मुलीनं ठोकलेली बंदूक कोण सरदार विकत घेईल? आणि मुलगी तीही डावरी! जेवणाच्या काड्या मी चारचौघांत उजव्या हातात धरते, पण हातोडी डाव्याच हातात चालते. त्यामुळे माझ्या खाचांचा कल सगळ्यांच्या उलटा पडतो. लाटांचे शेंडेही त्यामुळेच उलटे वळलेत. यागोरो म्हणाला, "शेंडे उलटे वळवण्याची युक्ती काय असेल?"

मी त्याला आणखी भात वाढला.

तिसरा महिना, दोन

मोठं काम आलं. पश्चिमेकडच्या एका सरदाराचा मुलगा पहिल्यांदा चिलखत घालणार, त्यासाठी बंदूक हवी आहे. कारभारी ओगुरी स्वतः येऊन बसले होते. नळी तोएमोनकाकांची. काकांचा भाता आमच्या मागच्याच गल्लीत आहे आणि पेठेत त्यांच्यासारखी नळी कुणी घडवत नाही.

मी ह्या कामासाठी गेल्या वर्षीपासून चित्र काढून ठेवलं होतं. वादळ, फेस, मध्ये एक मासा. बाबांना दाखवलंही होतं. म्हणाले होते, "हे जपून ठेव, मोठं गिऱ्हाईक येऊ दे."

मोठं गिऱ्हाईक आलं. बाबा म्हणाले, "माझा मुलगा ड्रॅगन करील."

माझा मुलगा! महिन्याभरात मुलगासुद्धा झाला.

आणि आमच्या घरची रीत आहेच. घरचा नवा वारस पहिली बंदूक करतो, ती तोच गिऱ्हाइकासमोर किनाऱ्यावर उडवून दाखवतो, स्वतःच्या गालाला लावून. पाचव्या महिन्याचा मुहूर्त ठरला.

आत्या मागच्या दारात मुळे चिरत होती. म्हणाली, "तोंड का एवढं? नवरा मोठा झाला की बायको मोठी होते."

"मी आधी लहान होते का?"

"तुझ्या हाताला लोखंडाचा वास येतो, मिने. त्या पोराला नाक आहे की नाही कोण जाणे."

तिसरा महिना, अकरा

त्यानं खाचा मारायला सुरुवात केली. डोकं नळीच्या तोंडाकडे आणि अंग मागे मागे वळत येणार. मी पत्रे तापवते. मिनेला तो अदबीनं ओमिने म्हणतो. "ओमिने, जरा आणखी मऊ." "ओमिने, हा फार मऊ झाला." "ओमिने, चहा."

तो विनोद करतो आणि दस्ता बसवणारा सुतारसुद्धा काम थांबवून हसतो. माझ्या वेळी हा सुतार तोंड उघडत नसे.

तिसरा महिना, वीस

मला वाटलं होतं वाईट होईल. मनात हेच धरून होते की वाईट होऊ दे.

नाही झालं. मान पूर्ण झाली. खवले एकावर एक असे बसवलेत की नळी फिरवली की ते सरकतात असं वाटतं. चांदी उंच उठवली आहे, आमच्याकडे अशी कुणी उठवत नाही. मिशीची तार त्यानं फुंकर मारल्यासारखी बसवली. मी तासभर पाहत राहिले आणि पोटात नुसता जाळ! ड्रॅगनचा नाही, माझाच.

वाईट असतं तर मी त्याच्याशी चांगली वागले असते.

तिसरा महिना, एकवीस

चुका काढायला लागले. "तिसऱ्या वळणावर खवले दाटलेत." "डोळा जरा तिरळा आहे." "चांदीला रंग नीट नाही." तो दर वेळी नळी उजेडाकडे धरतो, पाहतो आणि म्हणतो, "असेल बुवा." रागावतसुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

बाबांनाही सांगितलं. डोळ्याचं, खवल्यांचं, आणखी दोनचार गोष्टी. बाबा म्हणाले, "मिने, पुरे."

चौथा महिना, चार

आज त्यानं शेपटी आखली. शाईनं, वर छिन्नीची अगदी हलकी रेघ ओढून. म्हणाला, "शेपटी सगळ्यांत उंच उठवणार. बाबा, बोटाला लागली पाहिजे अशी." उंच उठवायची म्हणजे खाली खाच खोल हवी. चांदीला बसायला खड्डा लागतो.

माझ्या हातातला चिमटा थांबला.

नळी म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही! चकती म्हणजे एक सपाट तुकडा, कुठेही खणा. नळी तशी नसते. तोएमोनकाका आधी सळईभोवती लोखंडाचा पत्रा वळतात, मग त्यावर लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत नेतात. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. पट्टीच्या कडा एकमेकींना जिथे मिळतात तो सांधा. घासून आठ बाजू पाडल्या की सांधा दिसत नाही. पण तो असतो. लहानपणी मी काकांकडे जेवण पोचवायला जायची तेव्हा ते म्हणायचे, "सांध्यावर खोल छिन्नी मारलीस ना मिने, तर आधी मी तुझा कान उपटीन. मग बंदूक तुझं थोबाड उडवील."

शेपटी येते कुठे, तर मागे, नळीच्या कानाच्या भोकापाशी. ठिणगी तिथून आत शिरते, दारू तिथेच पेटते, सगळा जोर तिथेच. आणि माझ्या अंदाजानं सांधा तिथूनच जातो. शेपटीचं वळण आणि सांध्याचं वळण अगदी एकाच बाजूला.

नळी आमच्याकडे येण्याआधी काकांनी ओंडक्याला बांधून, दुप्पट दारू भरून उडवून पाहिली आहे. पण ती खाच पाडण्याआधी. नक्षी झाल्यावर पुन्हा कोण उडवतं? पुन्हा उडवायची ती किनाऱ्यावर, गालाला लावून.

मी काही बोलले नाही.

चौथा महिना, पाच

आजही नाही.

चौथा महिना, सात

बाबा आणि तो पेठेतल्या न्हाणीघरात गेले होते. मी उमे फळांच्या लोणच्याचा गेल्या वर्षीचा आंबट खार वाटीत काढला, बोळ्यानं नळीवर फिरवला आणि थांबले. लोखंड काळवंडलं. मग हळूहळू त्यात एक आणखी काळी, केसासारखी रेघ वर आली. तिरकी. त्याच्या शाईच्या शेपटीखालून, थेट तिच्या पोटातून.

माझा अंदाज बरोबर!

आधी आनंद झाला. हे दुसऱ्या कुणाला कधी सांगणार नाही, पण झाला. त्याला न कळलेलं मला कळलं! क्योतोला नसेल कळत, साकाईला कळतं! राखेनं नळी घासली, त्याच्या रेघेवरून शाई पुन्हा फिरवली, तेल लावलं, होती तशी ठेवली. भाजी चिरायला बसले तेव्हा गुणगुणत होते.

मग डोळ्यांपुढे आलं. किनारा, कारभारी, धूर. आणि खिडकीखालची जागा रिकामी. ती रिकामी जागा मला बरी वाटली. क्षणभरच, पण बरी वाटली. मग मात्र सुरी खाली ठेवावी लागली.

चौथा महिना, आठ

सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं.

"शेपटी हलवा. तिथे सांधा आहे. खोल खणलंत तर नळी फुटेल."

यागोरो हसला. "आधी डोळा तिरळा होता, मग खवले दाटले, आता नळीच फुटणार! तुला माझं काही आवडतं का गं?"

"खार लावून बघा ना. उमेचा खार. रेघ दिसते."

"सरदाराच्या बंदुकीला लोणचं लावू?" सुतार हसला. आत्यासुद्धा हसली. यागोरो पुढे म्हणाला, "तोएमोननी दुप्पट दारू भरून उडवली आहे ती नळी. आता तिला काय होतंय?"

"तेव्हा खाच नव्हती!"

बाबांकडे पाहिलं. बाबांना कळायला हवं होतं! पण त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मत्सर आहे हा, मिने. आजारी माणसालासुद्धा दिसतो."

मत्सर आहेच. म्हणून सांधा नाही का?

तोएमोनकाका असते तर एका शब्दात निकाल लागला असता. पण ते इसेच्या यात्रेला गेलेत, मुहूर्ताआधी परतत नाहीत. आणि इतके दिवस फुकटच्या तक्रारी मी केल्या नसत्या तर ही एक बाबांनी ऐकली असती, हेही खरं.

चौथा महिना, नऊ

माझ्या परीनं सांगून झालं. आता माझ्याकडे काही दोष नाही.

चौथा महिना, दहा

दुपारी तो चटईवर झोपला होता. उजवा गाल खाली. उठला तेव्हा गालावर चटईच्या रेघा उमटल्या होत्या. बंदूक त्याच गालाला लावतात.

म्हणाला, "काय बघतेस?"

"काही नाही. तोंड धुवा."

दोष नाही म्हणून काल लिहिलं खरं. पण तो गाल काही डोळ्यांपुढून जात नाही.

चौथा महिना, बारा

उद्या तो क्योतोला जाणार. आईला मुहूर्तासाठी घेऊन यायचं आहे, आणि बाबांनी स्वतः जाऊन बोलावणं हे रीतीला धरून, म्हणून बाबाही जाणार. शेपटी परत आल्यावर खोदायची आहे. म्हणाला, "आल्या आल्या शेपटी. सगळ्यांत गोड काम शेवटी ठेवलंय."

चौथा महिना, तेरा

ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत गेले आणि माझ्या जागेवर बसले.

गुडघे खळग्यांत बसले. हातोडी डाव्या हातात घेतली. त्याची शाई आणि हलकी रेघ घासून काढली. सांध्याच्या वाटेत काही ठेवायचं नाही. पण ड्रॅगन शेपटीशिवाय सोडता येत नाही, आणि अंग तर तो कानापर्यंत घेऊन आला आहे. खूप वेळ नुसती बसून राहिले. मग सुचलं. शेपटी उठवायचीच नाही. ती पाण्यात जाईल! अंग वळून दुसऱ्या बाजूला जाईल, लाटेत शिरेल आणि पाण्याखालची शेपटी फक्त तारेएवढ्या चांदीनं दाखवायची. नखाएवढीही खोल खाच नको.

आत्या आली. दारातच थांबली. मला वाटलं आता ओरडणार, पेठ गोळा करणार. तिनं नळीकडे पाहिलं, माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग शेंगांची टोपली घेऊन आली आणि उंबरठ्यावर पाठ करून बसली.

सुतार आला. आत्या म्हणाली, "आज काम नाही. घरी जा."

"आतून ठोकण्याचा आवाज येतोय."

"माझ्या गुडघ्यांचा आवाज आहे. जा."

चौथा महिना, सोळा

झालं. लाटेचा शेंडा उलटा वळला. सरळ वळवून पाहिला, पण हात ऐकत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. शेवटची तार बसवताना त्याचा गाल आठवला नाही. बाबा नाहीत, कुणीच नाही. नुसती चांदी होती. आणि त्याच्या खवल्यांशेजारी माझी लाट अशी बसली की मला माझाच राग आला. एकट्या मला हे जमलं नसतं, आणि त्यालाही नाही.

चौथा महिना, एकोणीस

आले. सासूबाई थकल्या होत्या, त्यांना गरम पाणी दिलं. तो हातपाय धुऊन सरळ नळीकडे गेला. गोड काम!

मी शेगडीपाशी होते. मागे वळले नाही. ऐकत होते. काहीच आवाज नाही. नळी फिरवल्याचा आवाज, मग पुन्हा काही नाही. तो ओरडेल, नळी आपटेल, आईसमोर माझा पाणउतारा करील, सगळ्याची तयारी करून ठेवली होती मी.

बाबा येऊन त्याच्यामागे उभे राहिले. त्यांनी शेपटी पाहिली. मग गुडघ्यावर बसले, वाटी मागितली आणि स्वतः थरथरत्या हातानं नळीला खार लावला. रेघ वर आली. रिकाम्या लोखंडातून तिरकी गेली, शेपटीला न शिवता.

बाबा म्हणाले, "तोएमोनचा सांधा." एवढंच.

यागोरोनं नळी फडक्यात गुंडाळून ठेवली. रात्री जेवताना एकही विनोद केला नाही. सासूबाईंनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना रे?"

पाचवा महिना, पाच

मुहूर्त. किनाऱ्यावर वारा होता. कारभारी, सासूबाई, पेठेतले सगळे जण. बायका मागे, पाइनच्या झाडांखाली. यागोरोनं बंदूक गालाला लावली. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. मिटले.

आवाज झाला. उघडून पाहिलं तर धूर बाजूला जात होता आणि त्याचा गाल जागेवर होता.

मी तिथेच वाळूत बसले. आत्या म्हणाली, "ऊठ, लोक बघतायत." आणि स्वतःच शेजारी बसली.

मग कारभाऱ्यांनी बंदूक हातात घेतली आणि बराच वेळ फिरवून पाहिली. त्यांचा आवाज मागेपर्यंत ऐकू आला. "डोकं उत्तम आहे. पण डोकं सगळेच करतात. ही शेपटी! पाण्यात जाणारी शेपटी मी पहिल्यांदा पाहतोय. ह्यापुढे हिराकियाची खूण म्हणजे ही. यागोरो, धाकट्या मालकांसाठी हिची जोडीदार करा."

यागोरोनं वाकून नमस्कार केला. खूप खाली वाकला.  माझं नाव घेतलं नाही.

मी काय अपेक्षा केली होती? कारभाऱ्यांसमोर म्हणेल, की बायकोनं केलं? बंदूक परत गेली असती. मला कळतं. कळूनही जळायचं थांबत नाही. तो जिवंत आहे ह्याचा आनंद, आणि माझी लाट त्याच्या नावावर गेली ह्याचा संताप, दोन्ही एकाच पोटात! बाबांच्या नावावर गेलं तेव्हा असं झालं नव्हतं.

पाचवा महिना, आठ

त्यानं आज भिंतीवरची लाटांची बंदूक खाली घेतली. खिडकीपाशी बसून उजेडात धरली. खाचांवरून नख फिरवत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग हातोडी डाव्या हातात धरून हवेत मारून पाहिली.

आता माझी नक्कल शिकणार! डोकं त्याचं होतंच, आता शेपटीही त्याचीच होणार. मग मी फक्त कोळसा.

शेगडीत मुद्दाम ओला कोळसा टाकला. पत्रा कडक राहिला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

पाचवा महिना, नऊ

रात्रभर डोळा लागला नाही. तो शेजारी गाढ झोपला होता.

पाचवा महिना, दहा

तोएमोनकाकांकडे तयार असलेली दुसरी नळी आली. सकाळी भांडी घासून आत गेले तेव्हा ती खिडकीखाली मांडून ठेवलेली होती. त्यानं ड्रॅगन आखला आहे, डोकं, मान, अंग. मध्यावर येऊन शाई संपते. पुढचं लोखंड कोरं. चटई झटकली होती, छिन्न्या ओळीनं लावल्या होत्या आणि हातोडी डाव्या बाजूला होती.

तो शेगडीपुढे बसून कोळसा फुंकत होता. धड येत नाही. सगळं घर धुरानं भरलं.

"जरा आणखी मऊ," मी म्हणाले.